आत मुलं आहेत

अत्तराची काडी जवळ आली की ताई दोन्ही हात पाठीमागे न्यायच्या. शाळेत छडी चुकवणारी मुलं नेतात तसे. मग हसून म्हणायच्या, "मला नको हं. आत मुलं आहेत."

चैत्रातलं आमच्या घरचं हळदीकुंकू म्हणजे खंडेराव गेटच्या आसपास उरलेल्या सगळ्या मराठी बायका एका खोलीत. कैरीची डाळ, पन्हं, ओले हरभरे, मोगऱ्याचे गजरे, आणि माझ्या सासूबाईंच्या हातात चांदीची अत्तरदाणी. अत्तर लावल्याशिवाय त्या कोणाला दारातून सोडत नसत. अपवाद एकट्या ताईंचा. मी लग्न होऊन साताऱ्याहून झाशीला आले तेव्हा पहिल्याच वर्षी ताईंचं ते वाक्य ऐकलं, आणि मुलं झोपली असतील तर आवाज कमी करावा म्हणून पडदा सरकवून आतल्या खोलीत पाहून आले. पलंगावर बायकांच्या पर्स पडल्या होत्या. मूल एकही नव्हतं.

त्यांचं नाव मी इथे सांगत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. टोपी, मास्क आणि निळा झगा घालून बंद दाराआड ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना उजेडात ओढून आणणं बरं दिसत नाही. मराठी घरांत त्या 'ताई' होत्या आणि कामावर 'दीदी'. तेवढ्यावर भागवून घ्या.

त्यांचं 'आत' म्हणजे शहरातल्या एका खासगी वंध्यत्व केंद्रातली प्रयोगशाळा. तिथे उबेच्या कपाटात, काचेच्या छोट्या बशांमध्ये, डोळ्यांना न दिसणारे भ्रूण वाढत असायचे. ते वाढवायचे, त्यांना जपायचं, योग्य दिवशी डॉक्टरांच्या हवाली करायचे, हे ताईंचं काम. या भ्रूणांना वास सोसत नाही. अत्तर, पावडर, केसांचं तेल, उदबत्ती, फिनेल, भिंतीचा ताजा रंग, जे जे हवेत उडतं ते सगळं त्यांना बाधतं, असं ताई सांगायच्या. म्हणून अंगाला साधा बिनवासाचा साबण, आणि केसांत फूल कधीच नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा नाही. "सुट्टी मला आहे, त्यांना कुठे आहे?" हे वर.

गंमत अशी की केंद्रात कोणी पेशंट "दीदी, हमारे बच्चे कैसे हैं?" असं विचारायला आली की ताई तिला लगेच सावरायच्या. "अभी बच्चे नहीं हैं। अभी कुछ कोशिकाएँ हैं। बच्चा जब होगा तब कहना।" चार पेशींना मूल समजून बाईने उगाच आशा लावू नये म्हणून हा कडकपणा. आणि हीच बाई आमच्याकडे येऊन अत्तराला सांगायची की आत मुलं आहेत! मी एकदा हे त्यांच्या तोंडावर बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पेशंटला खरं सांगावं लागतं. अत्तराला काय, काहीही सांगता येतं."

माणूस समोर आलं की त्या आधी वास घ्यायच्या, मग नमस्कार करायच्या. केंद्रातल्या रिसेप्शनवर लक्ष्मीची तसबीर होती आणि तिथली मुलगी रोज सकाळी उदबत्ती लावायची. ताईंनी उदबत्ती बंद करवली. मुलगी रडली, म्हणाली लक्ष्मी रुसेल. ताईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरची समई आणून तिथे ठेवली आणि तिला सांगितलं, "देवीजी को दिया चलता है, धुआँ नहीं। मैंने पूछ लिया है।" ती समई शेवटपर्यंत तिथेच राहिली.

ताईंचं लग्न झालेलं नव्हतं. का झालं नव्हतं, याची एक गोष्ट आमच्याकडे दर हळदीकुंकवाला सांगितली जायची. ताई निघून गेल्या की सासूबाई पदर खोचून बसायच्या आणि नव्या बायकांना ऐकवायच्या.

"ग्वाल्हेरचं स्थळ होतं बघ. पत्रिका जुळली. मुलगा बँकेत, घर आपलं, मागणं काही नाही. ते लोक आले, पोहे खाल्ले, पसंत आहे म्हणाले. आणि हिने काय मागावं? मुलाचं रक्त! म्हणाली, आधी रक्त तपासून आणा, मग पुढचं बोलू. अगं, हद झाली की नाही? ते लोक भडकलेच ना. आमच्या खानदानात खोट काढता काय, म्हणाले आणि उठून गेले. फराळाच्या बश्या तशाच राहिल्या."

बायका हसून हसून पन्हं सांडायच्या. खरं सांगते, मीही हसायचे. सासूबाई गोष्ट सांगायच्याच तशी. ताईंना हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे. ठाऊक असणारच. झाशीत मराठी घरं इतकी मोजकी की एका घरात फोडणी पडली की दुसऱ्यात ठसका लागतो.

आता आमचं सांगते, म्हणजे ताईंकडे आम्ही कसे पोचलो ते कळेल.

आमची थोरली, चिनू, जन्मल्यावर काही महिन्यांतच पांढरीफटक पडली. थॅलेसेमिया निघाला. तिच्या अंगात रक्त नीट तयारच होत नाही, म्हणून दर थोड्या आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवायचं, आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला औषधं घ्यायची. मी आणि माझा नवरा, आम्ही दोघंही या आजाराचे वाहक. वाहकाला स्वतःला काही होत नाही, त्याला पत्ताही नसतो. पण दोघं वाहक एकत्र आले आणि दोघांकडची तीच अर्धी खोट मुलात उतरली की आजार. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सून आणली साताऱ्याहून, गुण जुळले कसेबसे अठरा, आणि जुळायचं ते नेमकं हे जुळलं!"

चिनू गोड मुलगी. भांडखोर, बेसूर गाणारी, कॅरममध्ये हरली की बोर्ड उधळणारी. पण सुई टोचायची वेळ आली की ती एकदम गप्प व्हायची आणि माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघायची. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मला आणखी एक मूल हवं होतं, फार हवं होतं. पण आणखी एक पोर त्या रक्ताच्या पिशवीखाली बसलेलं पाहण्याची हिंमत माझ्यात नव्हती. म्हणून मी तो विषय मनातच मिटवून टाकला होता.

एका चैत्रात ताई माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या. मी डाळीवर खोबरं घालत होते. त्यांनी दार लोटलं आणि सरळ विचारलं, "दुसऱ्याचा विचार आहे का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आहे तर मग," त्या म्हणाल्या. "हे बघ, आता करता येतं. भ्रूण बाहेर वाढवायचे. पाच-सहा दिवसांचे झाले की प्रत्येकातल्या चार-दोन पेशी काढून तपासायला पाठवायच्या. ज्यात चिनूचा आजार नाही तोच आत ठेवायचा. हमखास काही नाही. सगळ्यांत आजार निघेल, किंवा एकही रुजणार नाही, असंही होतं. पण फिकीर करत बसण्यापेक्षा विचारून तर बघू."

तेवढ्यात सासूबाईंनी बाहेरून हाक मारली आणि ताई खोबऱ्याची वाटी घेऊन निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी डाळ वाढली, आणि मी आत उभी राहून रडून घेतलं.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी आम्हा तिघांचं रक्त दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेलं, कारण नेमकी कुठली खोट शोधायची हे त्यांना आधी कळावं लागतं. नंतर माझी इंजेक्शनं. केंद्राच्या बाकावर बसून मी जी माणसं पाहिली त्यांच्यावर एक पुस्तक होईल.

बबीन्याच्या लष्करी छावणीतून एक सुभेदार बायकोला घेऊन आले होते. त्या दिवशी भ्रूण आत ठेवायचा होता आणि नवऱ्याला सोबत जायची परवानगी होती. सुभेदारसाहेब कडक इस्त्रीत, आणि अंगावर इतकं अत्तर की बाकावरची आम्ही सगळीच शिंकत होतो. ताई दार उघडून बाहेर आल्या, नाक किंचित वर केलं आणि विचारलं, "साहब, इत्र?"

"जी मैडम. आज शुभ दिन है, इसलिए."

"शुभ दिन है, इसीलिए नहाकर आइए। साबुन भीतर रखा है।"

मला वाटलं आता भांडण होणार. पण सुभेदारांनी खाडकन टाच जुळवली, "जी मैडम" म्हणाले आणि न्हाणीघरात गेले. ओल्या केसांनी, दवाखान्याच्या ढगळ झग्यात परत आले तेव्हा ताईंनी पुन्हा एकदा वास घेतला आणि मान हलवली. ते पास झाले.

दुसरे, जवळच्याच मोठ नावाच्या गावचे एक धान्याचे व्यापारी. सुनेची तपासणी चालली होती, तीही कुठल्याशा आजारासाठी. पण सासरेबुवांना आजारापेक्षा वेगळंच जाणून घ्यायचं होतं. मुलगा की मुलगी सांगणं हा गुन्हा आहे, तशी भलीमोठी पाटीच भिंतीवर होती, आणि प्रयोगशाळेच्या रिपोर्टमध्ये ते लिहिलेलंही नसायचं. व्यापाऱ्यांना हे पटत नव्हतं. ते ताईंना कोपऱ्यात गाठून म्हणाले, "दीदी, आप कुछ मत कहिए। बस, लड़का हो तो मुस्कुरा दीजिए।"

त्या क्षणापासून ताईंनी त्या कुटुंबासमोर हसणंच बंद केलं. सुनेशी प्रेमाने बोलायच्या, पण चेहरा असा की घरात सुतक असावं. पुढे दिवस गेले, सून आनंदाने मिठाई घेऊन आली तरी ताई तशाच. व्यापारी हवालदिल. शेवटी ते हात जोडून म्हणाले, "दीदी, मैं कुछ नहीं पूछता, आप हँस लीजिए, हमारी बहू डर रही है।" हे मला ताईंनी नंतर सांगितलं आणि सांगताना इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

आमचे भ्रूण वाढले, त्यांच्यातल्या पेशी तपासायला गेल्या आणि भ्रूण गोठवून ठेवले. आता रिपोर्टची वाट बघणं. वाट बघण्याच्या त्या काळात एका रविवारी सकाळी ताई आमच्याकडे आल्या. अंगणातल्या उन्हात बसून चिनूबरोबर मेथी निवडत होत्या. मी आत कणीक मळत होते. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

चिनू तेव्हा नऊ वर्षांची. तिने अचानक विचारलं, "मावशी, मी त्या डबीत असते तर तुम्ही मला बाजूला ठेवलं असतं ना?"

माझे हात थांबले. हा प्रश्न मला रोज टोचत होता आणि मी तो कोणालाच विचारला नव्हता.

ताईंनी घाई केली नाही. एक जुडी संपवली, काड्या बाजूला केल्या. मग म्हणाल्या, "हो. ठेवलं असतं."

"का?"

"कारण तिथे तू मला दिसलीच नसतीस. तिथे फक्त रक्ताचं दिसतं. तू बेसूर गातेस, आईशी भांडतेस, कॅरममध्ये चीटिंग करतेस, हे त्या रिपोर्टमध्ये येत नाही."

चिनूने विचार केला. "मग तो रिपोर्ट बेकार आहे."

"बेकार नाही. अधुरा आहे. सुई टोचते तेव्हा तुला दुखतं ना? तेवढं दुसऱ्या कोणाला दुखू नये, इतक्याचसाठी तो आहे. त्याच्यापेक्षा जास्त त्याला काही कळत नाही."

"ठीक आहे," चिनू म्हणाली. "पण मी चीटिंग करत नाही."

"करतेस. मी पाहिलंय."

आणि दोघी भांडू लागल्या. मी कणकेचे हात तसेच धरून उभी होते. त्या बाईचे पाय धरावेत असं वाटलं. खोटं बोलून पोरीचं समाधान करणं किती सोपं होतं. मी तेच केलं असतं, आणि चिनूने ते पकडलं असतं.

रिपोर्ट आला त्या दिवशी सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. "घरचा मामला आहे, मी घरीच काय बसू?" डॉक्टर मॅडमनी थोडक्यात निकाल सांगितला आणि त्या ऑपरेशनसाठी गेल्या. समजावून सांगायला ताई आमच्यासमोर बसल्या.

काही भ्रूण आधीच खुंटले होते. उरलेल्यांत एक सोडून सगळ्यांत चिनूचा आजार निघाला होता. राहिला होता तो एक. त्यात आजार नव्हता. पण तो वाहक होता, आम्हा दोघांसारखाच.

"म्हणजे ह्याला रक्त चढवावं लागणार नाही?" मी विचारलं.

"नाही. तुझ्यासारखा धडधाकट. पुढे लग्नाच्या वेळी जोडीदाराचं रक्त तपासायचं, बस एवढंच."

मी सुटकेचा श्वास घेतला. पण सासूबाई पुढे सरकल्या. "म्हणजे खोट आहेच."

"आजार नाही, काकू."

"पण खोट आहे ना? मग इतकं सगळं करून खोटीचं कशाला घ्यायचं? परत करू. बेदाग मिळेपर्यंत करू."

परत करण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं आणि वयही थांबणार नव्हतं. ताईंनी तेच शांतपणे सांगितलं. सासूबाई ऐकेनात. पत्रिका बघावी तशा त्या रिपोर्टच्या कागदाकडे बघत होत्या, कुठे मंगळ सापडतो का म्हणून. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. रेल्वेतला माणूस, सिग्नल पडल्याशिवाय जागचा हलत नाही.

ताई म्हणाल्या, "काकू, तुमचा मुलगा वाहक आहे. सूनही."

"ते तेव्हा कुठे माहीत होतं?"

"माहीत असतं तर?"

सासूबाई जे मनात असेल ते बोलणाऱ्या. "तर हे लग्न केलं नसतं," त्या म्हणाल्या. म्हणून झाल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. मला ते फार लागलं.

ताईंच्या गळ्यात मास्क लोंबत होता. तो त्यांनी काढून मांडीवर ठेवला. "काकू, मी पण वाहक आहे."

"तू?"

"कॉलेजात असताना तपासणी झाली होती, तेव्हा कळलं. ग्वाल्हेरच्या मुलाचं रक्त मी उगाच नव्हतं मागितलं. त्यांचंही तसंच निघालं असतं तर मुलांनी भोगलं असतं. तेवढं बघून घ्यायचं होतं."

सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं. इतकी वर्षं पदर खोचून सांगितलेली ती गोष्ट त्यांच्यासमोर येऊन बसली होती. "अगं, मग तेव्हा बोलली का नाहीस? मला तरी सांगायचंस!"

"बाबा म्हणाले, बोललीस तर धाकटीचंही जमणार नाही. खोट घराण्याला लागते. म्हणून गप्प राहिले. विक्षिप्त म्हणतात तर म्हणू दे, त्याने धाकटीचं काही अडलं नाही." हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पेशंटला औषधाची वेळ सांगावी तसा. मग त्या म्हणाल्या, "पण काकू, आत्ता त्या डबीत मी असते तर तुम्ही मला बाजूला काढलं असतं."

बाहेर रिसेप्शनची मुलगी कोणाचं तरी नाव पुकारत होती.

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. पुन्हा पुसला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, ताईंकडे बोट दाखवत त्यांनी मला विचारलं, "हिच्यासारखं निघेल?"

"निघू शकतं," मी म्हटलं.

"मग ठेवा. हिच्यासारखं निघालं तर माझी काही ना नाही." त्या उठल्या. दारापाशी जाऊन त्यांना राहवलं नाही. "फक्त लग्नाला नाही म्हणू नये म्हणजे झालं."

"मी नाही म्हटलं नव्हतं, काकू," ताई म्हणाल्या. "त्यांनी म्हटलं."

घरी आल्यावर सासूबाईंनी पाट मांडला, मला बसवलं आणि तव्यावरचा पहिला फुलका माझ्या ताटात वाढला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी बसले आहे आणि त्या वाढताहेत असं कधी झालं नव्हतं. आम्ही दोघी त्या विषयावर पुढे कधी बोललो नाही. त्याची गरजही राहिली नाही.

तो एकटा भ्रूण रुजला. सगळेच रुजत नाहीत, म्हणून सांगते. बाळ झालं. मुलगा की मुलगी ते मी मुद्दामच लिहिलेलं नाही. ताईंच्या सहवासात राहून मलाही न हसता बसायची सवय लागली आहे. आमच्यासाठी ते 'धाकटं'.

धाकटं पाच दिवसांचं असताना ताई बघायला आल्या. हात धुतले, त्याच्या टाळूचा वास घेतला आणि म्हणाल्या, "मी ह्याला तुम्हा सगळ्यांच्या आधी पाहिलंय. पाच दिवसांचंच होतं तेव्हाही." सासूबाईंना हे काही आवडलं नाही. पहिली नजर आजीची असते, असं त्या पुटपुटल्या. पण मग त्यांनी बाळ स्वतःच उचलून ताईंच्या मांडीवर दिलं.

त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला ताई गेल्यावर एका बाईने हौसेने विषय काढला, "काकू, ती ग्वाल्हेरची गोष्ट सांगा ना, रक्ताची." सासूबाई डाळ वाढत होत्या. "कुठली गोष्ट?" त्या म्हणाल्या. "मला नाही आठवत. तू डाळ घे." पुन्हा ती गोष्ट आमच्या घरात कोणी ऐकली नाही.

पुढे ताई निवृत्त झाल्या. त्यांची जागा एका हुशार तरुण मुलीने घेतली. तिला त्यांनी काय काय शिकवलं ते मला माहीत नाही, पण पहिल्या दिवशी तिला दारात उभं करून वास घेतला, एवढं ऐकून आहे. त्यानंतर एकच चैत्र त्या झाशीत होत्या. मग सागरला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या, आणि तिथेच दोन वर्षांनी वारल्या. मला जाता आलं नाही. चिनूचा तो रक्त चढवण्याचा दिवस होता. चिनू आता कॉलेजात जाते, अजून भिंतीकडेच बघते. फोन आल्याचं मी तिला तिथेच सांगितलं. तिने सुई टोचलेला हात न हलवता दुसऱ्या हाताने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्यांचा तो झाशीतला शेवटचा चैत्र मात्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून अत्तरदाणी त्यांनी धाकट्याच्या हातात दिली होती. चार-साडेचार वर्षांचं पोर, मान मिळाल्यामुळे फुगलेलं. एकेका बाईच्या मनगटावर काडी टेकवत ते ताईंपाशी आलं आणि थांबलं. त्याला घरातलं सगळं पाठ होतं. काडी मागे घेत ते मोठ्या माणसासारखं म्हणालं, "तुम्हाला नको. आत मुलं आहेत."

बायका हसल्या. ताईंचे हात सवयीने पाठीमागे गेले होते. ते त्यांनी हळूच पुढे आणले. उजवं मनगट उलटं करून त्याच्यासमोर धरलं.

"आता नाहीत बाळा," त्या म्हणाल्या. "सगळी बाहेर आली. लाव."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं, लावू का म्हणून. मी मान हलवली. त्याने मग काडी बुडवून भरपूर अत्तर लावलं, एका मनगटाला, दुसऱ्याला, आणि उरलेलं कोपरापर्यंत. सासूबाई बसल्या जागेवरून ओरडल्या, "पुरे, संपवशील!" आणि लगेच म्हणाल्या, "लाव, लाव." मी ताटातला सगळ्यांत मोठा गजरा उचलला आणि ताईंच्या पांढऱ्या अंबाड्यात माळला. त्यांच्या केसांना माळण्याची सवय नव्हती, गजरा सारखा घसरत होता. शेवटी चिनूने स्वतःच्या डोक्यातली पिन काढून दिली.

त्या निघाल्या तेव्हा मी दारापर्यंत गेले. ऊन उतरलं होतं. रस्त्यात ई-रिक्षा हॉर्न वाजवत होत्या, कोणी तरी "दीदी, बैठेंगी?" म्हणून विचारलं. त्यांना ते ऐकू गेलं नाही. मनगट नाकाशी धरून त्या हळूहळू खंडेराव गेटच्या दिशेने चालल्या होत्या.